रव्याची काडतुसं

बारा वर्षांत हजारो काडतुसं भरून एकदाही बार न काढलेला मनुष्य या पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू असावा, हा माझ्या पत्रिकेचा दोष. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. एकीला पुण्याचा मी मिळालो, दुसरीला कुडाळकडचे हे. आणि पोटापाण्याने दोघांनाही मस्कतजवळच्या अल अमेरातमध्ये, एकाच ओमानी मालकाच्या वर्कशॉपात आणून टाकलं. मी ऑफिसात, ते लेथवर. साडूंच्या गावच्या घरी वडिलांच्या परवान्यावरची एक जुनी दुनळी बंदूक होती. तिच्या नळ्या पातळ. बाजारातली नवी काडतुसं तिला झेपणार नाहीत, तिच्यासाठी दारू कमी आणि छर्रे कमी अशी कमी दाबाची काडतुसं हातानेच भरायला हवीत, हा साडूंचा सिद्धान्त. सिद्धान्त बिनतोड होता. अडचण एवढीच की बंदूक कोकणात, हे ओमानात, आणि इथे परक्या माणसाच्या घरात चिमूटभर दारू सापडली तर पोलीस पाठ थोपटत नाहीत. मग साडूंनी तोड काढली. जुन्या कॅलेंडरांचा पुठ्ठा गुंडाळून नळकांडी करायची, दारूच्या जागी बारीक रवा घालायचा आणि छर्र्यांच्या जागी मोहरी. दर शुक्रवारी सकाळी मेहुणीचा स्वयंपाकाचा काटा घेऊन हे गृहस्थ मांडी घालून बसत आणि दुपारपर्यंत रवा जोखत. का, तर "हाताक सवय व्हयी."

साडूंची दहावीतली मुलगी एकदा मला म्हणाली, "काका, बाबा एवढं प्रॅक्टिस करतात, बट गन कुठे आहे?" मी म्हटलं, "बाळ, ते विचारायचं नसतं. तू अभ्यास कर."

पुढे पुढे दाबाचं हे वेड बंदुकीत मावेना. साडूंच्या घरी कुकरची दुसरी शिट्टी झाली की ते धावत जाऊन गॅस बंद करत, त्यामुळे त्यांच्याकडची डाळ आम्ही चावून खाल्ली आहे. त्यांची गाडी हायवेवर ऐंशीच्या पुढे जात नसे. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून कंटाळत, आणि हे शांतपणे म्हणत, "जुन्या इंजिनाक जबरदस्ती करूची नाय." एका शुक्रवारी आम्ही नाश्त्याला अचानक टपकलो. घरात रवा संपलेला, दुकानं नमाजानंतर उघडणार. मेहुणीने शांतपणे खोकं काढलं, कात्रीने तीस काडतुसं उभी कापली आणि उपमा केला. फोडणीची मोहरीही त्यातलीच. साडू सगळा उपमा खाऊन उठले आणि हात धुताना एवढंच म्हणाले, "वजन बरोबर होतां." हे ऐकून मी जेवढा हसलो तेवढा त्या वर्षात हसलो नव्हतो, आणि हा किस्सा ओमानभर, सोहारपासून दुक्मपर्यंत, ओळखीच्या प्रत्येक मराठी माणसाला फोन करून सांगितला.

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण हशा मिळाला की माझी जीभ सुटते. एकदा मालकाच्या बैठकीत कहवा पिताना मी तोच किस्सा मोडक्या हिंदीत ऐकवला. सगळे हसले, मालक हसला नाही. दोन दिवसांनी तो कापडात गुंडाळलेली एक दुनळी घेऊन वर्कशॉपात आला. त्याच्या आजोबांची. परवाना त्याच्याकडे होता, सामान तो आणणार होता. "लडके का शादी है. दादा का बंदूक, दो फायर, बस. तुम बोला ना, थोडा बारूद, कम प्रेशर? यल्ला, बनाओ."

साडूंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. स्वतःच्या लग्नातसुद्धा तो इतका उजळला नसेल. हात कापडाला पुसून त्यांनी बंदूक उघडली, नळ्या सुट्या केल्या, दोरीला टांगल्या आणि नखाने टिचकी मारली. घंटेसारखा आवाज यायला हवा होता. बद्द आला. त्यांनी नळ्या फिरवून पुन्हा टिचकी मारली. पुन्हा बद्द. मग त्यांनी त्या खाली उतरवून कापडावर ठेवल्या, अगदी हळू.

"नो फायर, अर्बाब," ते मालकाला म्हणाले. "जोड अंदर से छूट गया."

"थोडा डालो."

"थोडा भी नहीं. फटेगा तो आँख जाएगा."

तेलाचे भाव कोसळलेले ते दिवस. आजूबाजूला माणसं घरी पाठवली जात होती, साडूंचा व्हिसा दोन महिन्यांत संपत होता, मुलीची दहावी चालू होती. मी त्यांच्या कानाशी लागलो, "अहो, दोन काडतुसं भरा आणि मोकळे व्हा. पुढचं त्याचं तो बघेल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. बारा वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो समोर होता, आणि या माणसाने मान हलवून नाही म्हटलं. मालकाने बंदूक गुंडाळली, "खलास" म्हणाला आणि निघून गेला. लग्न एकही बार न काढता पार पडलं. व्हिसा वाढवायचा कागद मालकाच्या टेबलावर महिनाभर पडून राहिला आणि सहीविना परत आला. तो मीच उचलून आणला, माझंच ते काम होतं.

विमानतळावर मेहुणी माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकलं असं मला वाटत नाही. ट्रॉली ढकलताना मी धीर करून साडूंना म्हटलं, "साडूभाऊ, माझ्या तोंडामुळे झालं हे सगळं. मालक केवढा रागावला हो तुमच्यावर."

"रागावांदे," साडू म्हणाले. "तो दोनय डोळे वटारून रागावलो मां? मग झालां."

आणि ते रांगेत उभे राहायला गेले.