पाण्याचा रेणू आणि दोन राखीव खुर्च्या

संस्थानाच्या विलीनीकरणाला काही वर्षे लोटली होती, तरी जव्हारच्या आमच्या शाळेत प्रत्येक समारंभाला जुन्या दरबारी मंडळींसाठी हातांच्या दोन ऐसपैस खुर्च्या राखून ठेवत. मंडळी येत नसत; त्या खुर्च्यांवर दुसरे कोणी बसतही नसे.

तपासणीच्या दिवशी मी पाण्याच्या रेणूची प्रतिकृती मांडली. मातीच्या मोठ्या गोळ्याला बांबूच्या काड्यांनी दोन लहान गोळे कोनात जोडले होते. माझी नोकरी कायम होणे त्याच तपासणीवर अवलंबून होते.

मुख्याध्यापक म्हणाले, "मास्तर, हे वाकडं सरळ करा. साहेबांना वाटेल, इथे धड काडी टोचता येत नाही."

"सर, ऑक्सिजनजवळ इलेक्ट्रॉनच्या आणखी दोन जोड्या असतात. त्या कुणाशी बांधलेल्या नसतात, तरी जास्त जागा अडवतात. त्यांच्या रेट्याने दोन्ही हायड्रोजन एकमेकांकडे सरकतात."

"दिसत नाहीत ना? मग सरळ करा."

तेवढ्यात तपासनीस आले आणि त्यांनी नेमके कोनाचेच कारण विचारले. घाबरून मी शेजारच्या गोल टेबलाकडे बोट दाखवले. दोन रिकाम्या खुर्च्या तिथे ऐटीत पसरल्या होत्या; मुख्याध्यापकांच्या नि माझ्या लहान खुर्च्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या दाटल्या होत्या. तपासनीस मनापासून हसले. क्षणभर मला मी फार धीट वाटलो.

मग साहेबांना बसायचे होते. रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून तेही आमच्याच बाजूला आले, आणि मी लगबगीने माझी खुर्ची सोडून उभा राहिलो.

नोकरी कायम झाली. त्यात कोनाचे श्रेय किती आणि उठून उभे राहण्याचे किती, हे मी अजून स्वतःला विचारतो.