ट्रायल बाकी असलेला कोट

आमच्या ताईचा नियम म्हणजे नियम. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, ट्रायल झाल्याशिवाय पक्की शिलाई नाही! चाळीस वर्षं शिवणाचं दुकान तिनं याच हट्टावर चालवलं.

या हट्टाची झळ सगळ्यात जास्त कोणाला बसली असेल, तर मला. आमचा दादा लढाऊ विमानाचा पायलट. कोटाचं माप देऊन तो ड्यूटीवर गेला आणि आठवड्यात लढाई पेटली. ना त्याचं विमान सापडलं, ना तो. कागदावर 'बेपत्ता' लिहून साहेबलोक मोकळे झाले. कोट राहिला कच्च्या दोऱ्यावर.

तेव्हापासून दर वर्षी दादाच्या वाढदिवसाला मला बोलावणं. का, तर माझे खांदे त्याच्यासारखे! मी आपला टाचण्या टोचून घेत तासभर उभा.

"पोट आत घेऊ नकोस, धाकट्या. त्याचंही एव्हाना सुटलं असेल."

"अगं, तो फौजी माणूस!"

"माझ्या ताटातलंही उचलून खायचा तो. मला शिकवतोस?"

झालं, कंबर अर्धा इंच सैल! माझे केस गेले त्या वर्षी तिनं दादालाही टक्कल पडल्याचं जाहीर केलं आणि कॉलर बदलली. टकलाचा आणि कॉलरचा काय संबंध? पण विचारायची कोणाची टाप आहे!

यंदा ताईची नजर पार अधू झाली. डॉक्टरांनी शिवण बंद करायला सांगितलं. दुकान रिकामं झालं, उरला हा कोट. तिनं तो मला घातला, खांद्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बास झालं. आज पक्काच करून टाकते. बत्तीस वर्षं झाली. आता काय यायचाय तो! नीट बसतोय ना?"

इतका झकास कोट माझ्या अंगावर जन्मात बसला नव्हता. इतकी वर्षं ज्या ट्रायलच्या नावानं बोटं मोडली, तिच्यातून एकदाची सुटका होत होती. पण मला नको होती ती सुटका.

"खांदा ओढतोय," मी म्हणालो.

"कुठला?"

"डावा. दादाला नाही चालायचं."

लहानपणापासून माझं एकही खोटं ताईपुढे टिकलेलं नाही. तिनं कात्री घेतली आणि चाचपत चाचपत डाव्या खांद्याचे टाके उसवले.

"पुढच्या वर्षी ये," ती म्हणाली. "सुईत दोरा तेवढा तुला ओवावा लागेल."