धुराडं झाकून बघा

मिक्सरचं भांडं उचलताना त्याची मूठ बोटांत कशी बरोब्बर बसते, नाही? ती कोणी घडवली, हे कधी विचारलंत? नाही विचारलंत. कंपनीचं नाव वाचलंत आणि चटणी वाटलीत.

कर्जतला, दहिवलीत, अनुपम गुप्ते राहतात. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. ठाण्याच्या एका कारखान्यात उभी हयात त्यांनी मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी यांची रूपं आखली. एकावरही त्यांचं नाव नाही, आणि त्याचं त्यांना फारसं काही वाटलंही नाही. त्यांचा जीव भलतीकडेच अडकला होता.

नोकरीत नवे असताना, वाफेची इंजिनं भंगारात निघत होती त्या दिवसांत, अप्पांनी कागदावर एका वाफेच्या इंजिनाचं चित्र काढलं. नाकापासून पार मागच्या केबिनपर्यंत एकच रेघ. उल्हास नदीतला धोंडा पाण्याने घासून घासून व्हावा तसं गुळगुळीत अंग; वाऱ्याला अडायला जागाच नाही. धुराडंसुद्धा आत, पत्र्याच्या पोटात लपवलेलं. साहेब खो-खो हसला.

"गुप्ते, मढ्याला कोट शिवतोयस होय रे?"

अप्पांनी कागदाच्या कोपऱ्यात 'कच्चं' एवढंच लिहिलं आणि गुंडाळी घरी आणली. त्यांचा तसा नेमच होता. वस्तू उभी राहिली की चित्र पक्कं, तोवर कच्चं.

ते कच्चंच राहिलं. पुढे अप्पांच्या हाताला कंप सुटला. आधी पेन्सिल सुटली, मग चहाची बशीही दोन्ही हातांनी धरावी लागायला लागली. अशात गेल्या वर्षी खालापूरकडच्या एका रिसॉर्टचा मालक, विपुल, दारात येऊन उभा राहिला. त्याला फाटकापाशी फायबरचं इंजिन हवं होतं. अप्पांनी कपाटावरून गुंडाळी काढली. विनिताबाई, त्यांची बायको, नवऱ्याच्या उजळलेल्या तोंडाकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं हा माणूस कुठे होता?

"अहो, झेरॉक्स तरी काढून ठेवा," त्या म्हणाल्या.

"झेरॉक्समध्ये रेघ मरते गं. करणाऱ्याला मूळच बघू दे."

करणारा होता साजगावचा गोमा. रिसॉर्टवाल्यांना फायबरचे हत्ती, जिराफ करून देतो. हात सोन्याचा. थोड्या दिवसांनी अप्पा त्याच्या शेडवर गेले, तर तो हरखून पुढे आला.

"या अप्पा! बारका नमुना केलाय बगा. तुमचीच रेघ, केसभर हलवली नाय."

नमुना खरंच देखणा होता. पण अप्पांची नजर बाजूला गेली. तिथे प्लायवूडचे फर्मे, आकार कापायचे साचे, पडले होते, आणि त्यांच्यावर चिकटवून, करवतीने कापलेलं अप्पांचं चित्र. नाक एकीकडे, पाठ दुसरीकडे.

"गोमा… हे कापलंस तू?"

"मंग? कापल्याबिगर फर्मा कसा व्हईल? कोपऱ्यात कच्चं लिवलेलं, मी म्हनलं पक्कं अप्पांच्या घरी असंल." अप्पांचं तोंड बघून त्याचा आवाज खाली आला. "हाय ना अप्पा? घरी पक्कं हाय ना?"

अप्पा जवळच्या ड्रमवर टेकले. "तू करशील तेच पक्कं, गोमा," म्हणाले. "दुसरं नाही."

गोमाने मग जीव ओतला. इंजिन उभं राहिलं, निळंभोर, अगदी चित्रातलं. विपुल बघायला आला आणि भोवती फिरला.

"धुराडं कुठंय रे?"

"शेठ, आत हाय ते. तीच तर त्याची गंमत हाय."

"आतलं फोटोत दिसतं का? लोक म्हणतील, एसटी उभी केलीय. लाव एक मोठं. आणि पुढे डोळे काढ, हसरं तोंड काढ. पोरं खूश झाली पाहिजेत."

"अप्पांना तरी इचारा, शेठ."

"पैसे अप्पा देणारेत का?"

झालं. ज्याच्या हाती पैसा त्याला डोळेही असतात, असं कोणी ठरवलंय कोण जाणे!

उद्घाटनाचं बोलावणं अप्पांना आलं नाही. नंतर ते विनिताबाईंना घेऊन आपणच गेले. इंजिनाच्या पाठीत काळंकुट्ट, उभं धुराडं ठोकलेलं. नाकावर डोळे आणि लालभडक ओठ. पोरं वर चढून शिट्ट्या मारत होती. अप्पा मागे सरत सरत रस्त्याच्या कडेला आले. एक डोळा मिटून त्यांनी धुराड्यावर तळवा धरला, तेवढंच झाकावं म्हणून. हात थरथरत होता. धुराडं या बाजूने डोकावे, नाहीतर त्या. त्यांनी दुसरा हात लावून पाहिला. तोही थांबेना.

"झालं का हो पक्कं?" विनिताबाईंनी हळूच विचारलं.

"नाही गं. कच्चंच." आणि हात खाली आला.

त्या रस्त्याने तुम्ही कधी ना कधी जालच. फोटो काढाल, खुशाल काढा. पण आधी जरा मागे या. एक डोळा मिटा आणि तुमचा न थरथरणारा तळवा त्या धुराड्यावर धरा. नाकापासून केबिनपर्यंतची ती रेघ एकदा सबंध बघा. अप्पांना ती बघता आली नाही. तुम्ही तेवढी बघाच.