मागच्या दाराची कडी

ताईचं केमो आटोपून आम्ही दोघी नागपूरहून मुकुटबनला तिच्या घरी परतलो की चपला काढायच्या आधी ती मागच्या दाराला कडी घालायची. ऑक्टोबरच्या उकाड्यातसुद्धा. दोन्ही दारं उघडी असली तरच त्या घरात वारा फिरतो, पण तिला सांगणार कोण?

सुरुवात माझ्याच बोलण्यातून झाली होती. मी नागपूरच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर काम करते. औषधाला न जुमानणाऱ्या पेशी काय करतात, असं तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, औषध पुढच्या दाराने आत येतं आणि त्या पेशी ते मागच्या दाराने हाकलून देतात. हळदीतल्या एका द्रव्याने ते मागचं दार बंद होतं का, हे आम्ही बघतोय. तिची गाठही तशीच हट्टी झाली होती.

"मंग मले हळद दे ना," ती म्हणाली. परसात तिची हळद छातीएवढी वाढली होती.

"बशीत होते ते आंगात होईनच असं नाही, ताई. डॉक्टरले इचारल्याबिगर काही नको घेऊ."

डॉक्टरही नको म्हणाले.

"नाही घेत, बाप्पा!"

हळदीचा काढा तिने खरंच घेतला नाही. कडी मात्र घातलीच, शिवाय उंबरठ्यावर हळदीचं बोट ओढलं. मी चिडायचे आणि मग तिच्याशेजारी पडून राहायचे. कोंडलेल्या घरात हळदीच्या पानांचा वास, आणि तिच्या अंगात कुठेतरी फिरणारं केमोचं ते लाल औषध. डोळे मिटले की मलाही वाटायचं, राहील आत.

दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरांनी केमो थांबवलं. आता उपयोग नाही म्हणाले.

त्याच आठवड्यात मी तेच लाल औषध आणि हळदीतलं द्रव्य एकत्र घातलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. तिथल्या उजेडात ते औषध लाल चमकतं. एरवी औषध हाकलून विझून जाणाऱ्या पेशी त्या दुपारी चमकतच राहिल्या. मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. मग ताईला फोन केला.

"राह्यलं काय आत?" तिने विचारलं.

"राह्यलं. बशीत."

"चांगलं झालं ना वं. कोणाच्या तरी कामी येईन." मग म्हणाली, "थांब, दार उघडतो. लय कोंडल्यासारखं होऊन राह्यलं."

फोनमधून कडीचा आवाज आला. नको उघडू, ताई, असं मला ओरडावंसं वाटलं.