सुनओक मावशीची आरोळी

सुनओक मावशी कोरियातल्या जेजू बेटावर दम रोखून समुद्रतळाचे शिंपले काढायची. खडकांनी तिच्या बोटांचे ठसे पुसून टाकले होते, पाण्यातल्या चष्म्याचे वळ चेहऱ्यावरून लवकर जात नसत. त्यामुळे मोबाइल तिला ओळखायचा नाही, आणि कुलपाचे आकडे तिच्या लक्षात राहत नसत. त्या मोबाइलमध्येच तिच्याबरोबर बुड्या मारणाऱ्या, आता वारलेल्या जोडीदारणीचा, यंजाचा, एकुलता एक व्हिडिओ होता. मी सुट्टीत आले की आकडे टाकून तो उघडून द्यायची.

तेव्हा आमच्या कंपनीत बोट, चेहरा आणि आवाज मिळून ओळख पटवणारं कुलूप बनत होतं. एक कच्चं पडलं, तर बाकीची सावरून घेतात. ते मी मावशीच्या फोनवर बसवलं. घरात तिने पाहुण्यांशी बोलावं तसा मऊ आवाज नोंदवला, आणि किनाऱ्यावर फोन काही उघडेना.

"तुझा फोन बहिरा आहे, पोरी!"

"तू ओरडतेयस, मावशी! घरी कशी हळू बोललीस?"

"समुद्राने आमचे कान नेले. इथे सगळ्याच ओरडतो!"

मग ती ओल्या केसांनी किनाऱ्यावरच्या शेकोटीपाशी बसली असताना मी वळांसकट तिचा चेहरा आणि आरोळी पुन्हा नोंदवली. पुढच्या आरोळीला फोन उघडला. व्हिडिओत लाटांतून हसत येणारी यंजा दिसताच मावशी तिच्यावर खेकसली, "किती वेळ लावलास गं!"