मैदानाकडे पाठ करून

आमच्या जाफराबाद तालुक्यात फुटबॉल या खेळाविषयी अधिकारवाणीने बोलू शकेल असा एकच इसम आहे, आणि त्या इसमाने आमच्या संघाचा एकही गोल वर्षानुवर्षे पाहिलेला नव्हता, असे मी पूर्ण जबाबदारीने नमूद करतो. तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर माझे अर्ज लिहिण्याचे टेबल आहे. माझे शालेय शिक्षण काही अपरिहार्य कारणांनी मध्येच थांबले असले, तरी माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून परत आला असे आजतागायत घडलेले नाही, आणि ही गोष्ट आतले साहेब लोकही मान्य करतात. माझ्या टेबलासमोर, रस्त्यापलीकडे, गादीवाल्या चाचांचे दुकान आहे. थंडी सुरू झाली की तिथे कापूस पिंजण्याचे यंत्र दिवसभर घरघरत असते, आणि त्यातून उडालेले तंतू उन्हात इतके सावकाश तरंगतात की रस्त्याने जाणारा मनुष्यही आपोआप हळू चालू लागतो. त्या पांढऱ्या धुक्याच्या मध्यभागी चाचा बसलेले असतात. भुवयांवर कापूस, दाढीवर कापूस, आणि नजर कुठेतरी लांब, जिथे आमचा संघ नेहमीच बाद फेरीत पोहोचलेला असतो.

चाचांच्या दुकानात गादी शिवायला टाकणाऱ्याने घाई करू नये. खोळ जमिनीवर अंथरली की ती गादीची खोळ राहत नाही, तिचे मैदान होते. कापसाचे गोळे करून चाचा त्यावर खेळाडू मांडतात. बॅक इथे, सेंटर इथे, फॉरवर्ड पुढे. मग समोरच्या चहाच्या हॉटेलातून बाबूराव हॉटेलवाले हातात किटली घेऊनच येतात आणि वादाला तोंड फुटते. बाबूरावांचे ठाम मत असे, की संघाला एक दणकट बॅक मिळाल्याखेरीज बाद फेरीचे नाव घेऊ नये. चाचांचे मत असे, की खरी अडचण गोलकीपरची आहे. "चाचा, मागचं दार उघडं ठेवून तुम्ही कुलूप घेऊन राह्यले," बाबूराव म्हणतात. "अरे बाबा, बॅक म्हणजे दार, गोलकीपर म्हणजे घरमालक," चाचा उत्तर देतात, "मालकच झोपेल तर दाराचं काय करता?" इतक्यात वाऱ्याची झुळूक येते आणि सगळा संघ एका कोपऱ्यात जाऊन पडतो. चाचा तो क्षणभर निरखतात आणि समाधानाने म्हणतात, "ये भी बुरा नहीं है. सगळे मिळून हल्ला करून राह्यले."

खेळाडू निवडण्याची त्यांची पद्धत त्यांच्या धंद्यातून आलेली होती. अर्ध्या गावाच्या गाद्या त्यांच्या हातून गेल्यामुळे कोणाला किती लांब गादी लागते, हे त्यांना तोंडपाठ. मनुष्याचे नाव ते विसरतील, लांबी विसरणार नाहीत. एकदा जमीन मोजणीच्या अर्जासाठी माझ्याकडे तेजराव नावाचा एक शेतकरी आला. हा गृहस्थ इतका उंच, की माझ्या टेबलावरच्या छत्रीखाली त्याला उभे राहता येईना. मी "विनंती करण्यात येते की" इथपर्यंत आलो असेन, तोच चाचा मोजपट्टी घेऊन रस्ता ओलांडून आले आणि एक शब्द न बोलता त्यांनी तेजरावांना डोक्यापासून टाचेपर्यंत मोजले. "इतक्या लांबीची गादी मी आजवर शिवली न्हाई," ते हरखून मला म्हणाले, "साहेब, गोलकीपर मिल गया!" तेजराव घाबरले. "मला फुटबॉल न्हाई येत हो चाचा." "आडवं पडता येतं ना? रोज रात्री पडता ना? बस, तेच मैदानात करायचं."

तेजराव गोलकीपर झाले. पहिल्याच सामन्यात घनसावंगीच्या फॉरवर्डने त्यांच्या डोक्याच्या दिशेने चेंडू मारला. तेजरावांनी तो अडवायचा सोडून अदबीने मान खाली घातली, आणि चेंडू वरून जाळ्यात गेला. दुसऱ्यांदा तसेच, तिसऱ्यांदा तसेच. तेव्हा चौकशी करता असे निष्पन्न झाले, की तेजरावांच्या घराची चौकट बुटकी असून, डोक्याजवळ काही आले की खाली वाकायचे, हे लहानपणापासून त्यांच्या हाडात मुरलेले आहे. बाबूराव चाचांवर तुटून पडले, "आणा अजून मोजून!" चाचा शांतपणे म्हणाले, "लांबी बराबर आहे. चौकटीचा दोष आहे."

परंतु चाचांचे खरे वैशिष्ट्य म्हणजे त्यांची बसण्याची दिशा. बाजारतळामागचे आमचे मैदान. एका अंगाला कडुनिंब, त्याखाली प्रेक्षक. सर्वांत पुढे चाचांची लोखंडी खुर्ची, आणि ती मैदानाकडे पाठ करून. याचे कारण असे, की आमच्या संघाच्या अगदी पहिल्या सामन्यात चाचा सर्वांसारखे समोर तोंड करून उभे होते आणि आमच्यावर गोलामागून गोल होत होते. तेवढ्यात त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. तो नीट करायला ते मागे वळून खाली बसले, आणि त्याच क्षणी आमच्या संघाने आपला पहिला गोल केला. चाचा आनंदाने वळले, तर पुन्हा आमच्यावर गोल. त्या दिवसापासून त्यांनी मैदानाला पाठ दाखवली ती दाखवलीच. आणि हे काही उपकार म्हणून नव्हे, तर नेमून दिलेल्या कामासारखे. "गोलकीपर त्याच्या जागेवर, मी माझ्या जागेवर," ते म्हणत.

साहजिकच सामन्याचे वर्णन करणारा कोणी हवा, आणि भाषेवर प्रभुत्व असलेली व्यक्ती म्हणून ही जबाबदारी माझ्याकडे आली. मी त्यांच्या शेजारी, पण मैदानाकडे तोंड करून बसत असे, आणि माझ्या व्यवसायास शोभेल अशा रीतीने सांगत असे: "सदरहू चेंडू आपल्या संघाच्या ताब्यात असून, तो उजव्या बाजूने पुढे नेण्यात येत आहे, तथापि प्रतिपक्षाच्या बॅकने त्यास हरकत घेतली असल्याकारणाने..." "साहेब," चाचा कळवळून म्हणत, "वाक्य जल्दी संपवा हो. तुमचा पूर्णविराम येईपर्यंत गोल होऊन जातो." मी मात्र घाईपायी वाक्याचा तोल जाऊ दिला नाही.

चाचांच्या या नेमाची झळ एकाच माणसाला लागत होती. तो म्हणजे त्यांचा पुतण्या अन्वर. भावाच्या माघारी चाचांनीच त्याला वाढवला, कापसाच्या ढिगावर झोपवून मोठा केला. अन्वर आमचा फॉरवर्ड. तो चेंडू घेऊन निघाला की कडुनिंबाखालचा माणूस विडी पेटवायची विसरे. जाफराबादेपासून वडीगोद्रीपर्यंत त्याचा खेळ सर्वांनी पाहिलेला. न पाहिलेले एकटे चाचाच. गेल्या हिवाळ्यात अन्वरला सौदीत ड्रायव्हरची नोकरी लागली, जाण्याचा दिवस ठरला, आणि त्याआधी संघाचा एकच सामना उरला. तो वडीगोद्रीविरुद्ध, आणि तो जिंकला तरच बाद फेरी; बरोबरी झाली तरी आम्ही बाहेर.

सामन्याच्या आदल्या दुपारी मी चाचांच्या दुकानात बसलो होतो. यंत्र बंद होते. अन्वर उंबऱ्यात उभा होता. "चाचा, कल एक बार देख लो मेरे को," तो म्हणाला. चाचा सुईत दोरा ओवत राहिले. "मी पाह्यलं तर संघ हरतो, बेटा." "हरू द्या. मंग काय होईल?" "ऐसा नक्को बोल. गाव वर्षभर याच्यावर बोलून राह्यलं." "गावानं पाह्यलंय मला," अन्वर म्हणाला, "मी ज्याच्यासाठी पळतो त्याची पाठच दिसते मला." एवढे बोलून तो निघून गेला. चाचांच्या हातातला दोरा काही केल्या सुईत जाईना. शेवटी सुई खोळीत खोचून ते म्हणाले, "साहेब, एक अर्ज लिहा. म्हणावं, माझ्या या नेमाला एक दिवसाची सूट द्या. मी पाहीन, पण संघ हरू नये." मी विचारले, "अर्ज कोणाच्या नावे?" "ज्याच्या हातात असेल त्याच्या." मी त्यांना समजावून सांगितले, की सक्षम अधिकारी निश्चित झाल्याशिवाय अर्ज करता येत नाही. "बराबर आहे," चाचा म्हणाले, "मंग राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सामना सुरू झाला तेव्हा चाचांची खुर्ची नेहमीच्या जागी, नेहमीच्या दिशेने होती. ऊन उतरत चालले होते, मैदानावरची धूळ सोनेरी होऊन तरंगत होती, आणि गोल कोणाचाच होत नव्हता. तेजराव दोनदा वाकले, परंतु दैवयोगाने दोन्ही चेंडू आडव्या खांबाच्याही वरून गेले. वेळ संपत आली असता वडीगोद्रीच्या बॅकने आपल्याच गोलापुढे अन्वरला पाडले. पंचांनी शिट्टी वाजवली. पेनल्टी!

अन्वरने चेंडू ठेवला. चार पावले मागे गेला. आणि कमरेवर हात ठेवून तो आमच्या बाजूला पाहत उभा राहिला. पंचांनी शिट्टी वाजवली, पुन्हा वाजवली, आणि शेवटी वैतागून विचारले, "मारतो का घरी जाऊ?" अन्वर हलेना. मग कडुनिंबाखाली सगळ्यांना उमगले, आणि गावात कधी पडली नव्हती अशी फूट पडली. "चाचा, फिरू नका! वर्षभराची मेहनत हाय!" बाबूराव किटली उंचावून ओरडले. "फिरा हो चाचा, पोरगं उद्या परदेशी चाललं!" दुसरीकडून आवाज आला. चाचा खुर्चीचे हात घट्ट धरून समोर रस्त्याकडे पाहत होते. "साहेब," त्यांनी मला विचारले, "क्या चल रहा है?"

माझ्याजवळ वाक्य तयार होते. "सदर खेळाडू" अशी त्याची सुरुवातही झाली होती. पण तोंडातून निघाले ते एवढेच: "चाचा, तो तुमची वाट पाहून राह्यलाय."

चाचा उठले आणि वळले.

अन्वरने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले, मग धावत येऊन चेंडू मारला. चेंडू खांबावर आदळला आणि मैदानाबाहेर गेला. त्यानंतर जी शांतता झाली, तिच्यात बाजारतळापलीकडे उभ्या जीपच्या ड्रायव्हरची हाळी स्वच्छ ऐकू येत होती. चाचा अजून उभेच होते. "केवढा मोठा झाला हो हा," ते स्वतःशी म्हणाले. मग मला विचारले, "झाला का गोल?" त्यांनी चेंडूकडे पाहिलेच नव्हते. मी म्हणालो, "न्हाई झाला." अन्वर धुळीने माखलेला तसाच आमच्याकडे आला. "पाह्यलं?" त्याने विचारले. "पाह्यलं," चाचा म्हणाले. दोघेही हसत होते, आणि बाद फेरी गमावलेल्या गावात त्या संध्याकाळी हसणारे तेवढे दोघेच होते.

चाचांना कोणी बोल लावला नाही. बाबूरावांनी चार दिवस त्यांना न बोलता चहा पाजला, आणि पाचव्या दिवशी विचारले, "मंग? फॉरवर्ड गेला आपला. आता कोन?" चाचांनी खोळ अंथरली, कापसाचा एक लांबट गोळा मागून उचलला आणि सर्वांत पुढे नेऊन ठेवला. "तेजराव," ते म्हणाले. बाबूराव इतके हसले की त्यांची किटली लवंडली आणि अर्धी गादी चहात भिजली.

या हंगामात चाचा मैदानाकडे तोंड करून बसतात. फोनवर अन्वरनेच त्यांना तसे बजावले आहे. पण मी पाहतो, त्यांचे मन रमत नाही. एके दिवशी ते म्हणाले, "साहेब, लोक म्हनतात चाचानं गोल पाह्यला न्हाई. पण मी तुम्हाला पाहत होतो. गोल होताना तुमचं तोंड कसं होतं, तुम्हाला ठाऊक आहे का? बिलकुल लेकरासारखं. बाबूरावचे तर डोळे भरून येतात, त्याला पत्ताही नसतो. इथं समोर काय आहे? मानसं पळतात, बस." माझ्यासारख्या मनुष्याचे तोंड लेकरासारखे होते, हे विधान वादग्रस्त आहे. परंतु पुढच्या सामन्याला मी माझी खुर्ची फिरवली, आणि मैदानाकडे पाठ करून चाचांसमोर बसलो.

उन्हात कुठूनसे कापसाचे तंतू तरंगत आले होते. बराच वेळ चाचांच्या चेहऱ्यावर काहीच घडले नाही. मग माझ्या पाठीमागे कोणीतरी कोपऱ्यावरून चेंडू मारल्याचा आवाज आला, आणि चाचांच्या पांढऱ्या भुवया हळूहळू वर चढू लागल्या. तोंड उघडले. डोळे इतके मोठे झाले की मला त्यांत कडुनिंबाची सावली दिसली. सगळे मैदान ओरडले. मागाहून मला कळले, की चेंडू डोक्याजवळ येताच, आता खरोखरच फॉरवर्ड झालेल्या तेजरावांनी सवयीप्रमाणे मान खाली घातली, आणि नेमका तेवढाच खाली आलेला चेंडू त्यांच्या टाळूला लागून जाळ्यात गेला. आमच्या संघाचा चाचांनी पाहिलेला तो पहिला गोल. ते हसत होते, आणि हसता हसता त्यांची नजर मैदानभर कोणाला तरी शोधत फिरली, डाव्या बाजूला, जिथून अन्वर धावत येत असे, तिथे थोडी थांबली, आणि मग सावकाश माझ्याकडे परत आली. "झाला ना, साहेब?" त्यांनी मला विचारले.

"झाला," मी म्हणालो. तो गोल मी पाहिलेला नाही. तरीही तो झाला, हे कोणत्याही सक्षम अधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञेवर सांगण्यास मी तयार आहे.