रोझीनचा लाल भुसा

समजा, तुमच्या हातात फावडं आहे. पायाखाली पिवळट, भुसभुशीत वाळू. घरांतल्या लाकडी जमिनी घासायला हीच वाळू लागते आणि ती खणून विकण्यावर तुमचं पोट आहे. दिवसभर खपून तुम्ही खड्ड्याच्या तळाशी ढीग रचता, उद्या गाडीत भरू म्हणून घरी जाता. सकाळी येऊन बघता तर ढीग नाही. चाकाची खूण नाही, पावलाचा ठसा नाही. ढिगाच्या जागी वाळूला नरसाळ्यासारखा खळगा पडलेला आणि त्याच्या टोकाशी बोटभर भेग. तुम्ही काय कराल?

रोझीन बोनाकरनं आधी शेजारच्या कास्पर विणकराला शिव्या घातल्या.

"काकी, माझी बायको आठवड्यातून एकदा जमीन घासते," कास्पर म्हणाला. "ढीगभर वाळू मी काय भाकरीला लावून खाऊ?"

मग दोघंही खड्ड्यात उतरले. रोझीननं भेगेत एक खडा सोडला. टक्. टक्. मग बराच वेळ काहीच नाही. कास्पर तोंड उघडणार, एवढ्यात खूप खालून, जणू पलीकडच्या गावातून, आणखी एक टक्.

दक्षिण जर्मनीतलं आमचं आल्बचं पठार चुनखडीचं आहे. पाऊस पडतो, पण पाणी वर थांबत नाही. ओढा नाही, विहीर नाही. छपरावरून गळेल ते हौदात, उरलेलं गावतळ्यात. तळ्याचं पाणी चहासारखं तपकिरी, आणि म्हातारी माणसं छातीठोक सांगायची की त्यातच ताकद असते. पाणी जातं कुठे, हे कुणी विचारत नव्हतं. गेलं ते गेलं. रोझीन मात्र त्या खड्याचा आवाज ऐकून आली आणि तिला चैन पडेना.

तिनं भेग रुंद केली. कास्पर आणि त्याच्या भावांनी दोर धरला आणि ही विधवा बाई, पन्नाशीची, कमरेला दोर आणि हातात कंदील घेऊन खाली उतरली. दोर संपत आला, तसा कास्पर ओरडला, "काय दिसतंय?"

"काहीच नाही!" खालून आवाज आला. "पण ते काहीच नाही फार मोठं आहे रे!"

वर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. म्हणाली, "उल्म शहरातलं ते आभाळाला टेकणारं चर्च उचलून आत ठेवलं, तरी बाजूला जागा उरेल. आणि खाली, अगदी खाली, पाणी वाहतंय. मी ऐकलं."

"काकी, कानात वाळू गेली असेल."

"तुझ्या डोक्यात गेली आहे ती. कानातली निघते तरी."

त्याच उन्हाळ्यात तळं आटलं. चिखल भेगाळला, गुरं हंबरू लागली. बैलगाड्यांवर पिंपं लादून लोक घाट उतरून खोऱ्यात जाऊ लागले. तिथे डोंगराच्या पायथ्याशी एक गोल, निळा झरा आहे. निळा म्हणजे असा, की माणूस काठाशी येऊन बोलायचं विसरतो. त्याचा तळ कुणाला सापडलेला नाही. पण त्या वर्षी तोही खाली गेला होता. त्याच्यावर उलरिशची पाणचक्की चालायची आणि चाक कण्हत कण्हत फिरत होतं.

उलरिशनं वाटेवर आडवा वासा टाकला. "उद्यापासून वरच्यांच्या गाड्या बंद. माझं चाक थांबलं तर अख्खं खोरं उपाशी राहील."

गाडीवाले बैल मागे वळवू लागले. रोझीन पुढे आली. "पाणी आमचंच आहे."

"तुमचं?" उलरिश हसला. "तुमच्या डोंगरावर चिमणीला चोच बुडवायला जागा नाही!"

"पडतं आमच्या छपरांवर आणि फिरवतं तुमचं जातं. मी त्याला खाली वाहताना ऐकलंय."

"ऐकलंयस? मग दाखव की! तुझं पाणी असेल, तर सांग त्याला माझ्या दारात यायला, येताना काही खूण घेऊन."

हे बोलून तो फसला. घरोघरच्या विणकरांकडे जवसाचे देठ कुटून धागा काढल्यावर उरलेला भुसा पडून होता. रोझीननं पोती भरून आणला, मंजिष्ठेच्या रंगात उकळून लालभडक केला, वाळवला आणि खड्ड्याशी आभाळाकडे बघत बसली. घरातलं पिंप रोज एकेक बोट उतरत होतं. कास्परच्या बायकोनं तान्ह्या पोराला अंघोळ घालणं सोडलं होतं. खूण पोचली नाही, तर गुरं कापावी लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एका दुपारी पठारावर ढग फुटला. तासाभरात जे पडलं ते सगळं भुईनं गिळलं. तळ्यात हातभर गढूळ पाणी आलं, बस्स. बाकीचं रोझीनच्या खड्ड्याकडे गर्जत धावलं. तिनं आणि कास्परनं पोती रिकामी केली. लाल भोवरा एकदा फिरला आणि गडप झाला. तशीच ओल्या कपड्यांनी ती घाट उतरली.

खाली रस्त्यावर धूळ उडत होती. तिथे थेंबही पडला नव्हता.

"आला का भुसा?" उलरिशनं विचारलं.

"मी चालत आले. त्याची वाट काय आहे, मला काय ठाऊक?"

ती काठावर बसली. थोड्या वेळानं उलरिशही टेकला, नुसती थट्टा करायला. पण दुसऱ्या दिवशी सकाळीही तो तिथेच होता. त्याच झऱ्यावर त्याची सगळी हयात गेली, पण नुसता बघत तो कधी बसला नव्हता.

आणि उन्हं वर आली तसा झऱ्याचा निळा रंग मळू लागला. आधी हिरवट, मग पिवळट, मग मातकट. पाणी काठाला फुगलं. मागे चक्कीचं चाक कण्हायचं थांबलं आणि धडधडू लागलं. उलरिश उठला. कोरड्या आभाळाकडे बघितलं, पायाखालच्या धुळीकडे बघितलं, मग कुठलीशी रेघ शोधावी तसा डोंगरावर खालून वर नजर फिरवत गेला.

त्यानं टोपी काढली. "एवढा सगळा डोंगर," तो पुटपुटला, "आतून..."

वासा त्यानं स्वतःच्या हातांनी उचलला. त्या उन्हाळ्यात आमचं एकही जनावर तहानेनं मेलं नाही.

मात्र लाल भुसा आलाच नाही. एक काडीसुद्धा नाही. लोक म्हणाले, काकी, जिंकलीस, आता सोड. ती सोडेना. पुढे कित्येक वर्षं खोऱ्यातल्या दुसऱ्या झऱ्यांशी जाऊन ती वाकून बघायची.

ती म्हातारी झाली तेव्हा खालच्या नदीच्याच जोरावर चालणारे पंप बसले आणि खोऱ्यातलं पाणी नळातून डोंगर चढून गावात आलं. बँड वाजला. सगळे पाणी चाखत होते. रोझीन पेला उजेडाला धरून आत बघत होती. पंप बसवायला आलेल्या तरुण इंजिनिअरला तिनं गाठलं आणि सगळी हकीकत सांगितली.

"आजी, भुसा तरंगतो," तो म्हणाला. "आतल्या गुहेचं छत जिथे पाण्यात बुडतं, तिथे पाणी खालून बुडी मारून पुढे जातं. तरंगणारी वस्तू मागेच राहते, जिथे पाण्यावर हवा असेल तिथे."

रोझीननं पायातल्या लाकडी बुटानं जमिनीवर हलकेच ठोकलं.

"हवा आहे, म्हणजे खोली आहे," ती म्हणाली. "माझ्या भुशानं लाल झालेली. मग पोरा, मला एवढंच सांग. ती खोली आमच्यापैकी कुणाच्या घराखाली आहे?"